हिंगुळाच्या शेतात पुरणपोळी

मान धरली. म्हणजे अशी धरली की डावीकडे बघायचं तर अख्खा मी वळायचो, क्रेनसारखा. घरी सांगितलं एसीमुळे. खरं कारण म्हणजे रात्री अडीचपर्यंत मोबाईलवर वाचलेली चिनी कल्टिवेशनची कादंबरी, चॅप्टर नंबर ११८७, आणि त्यात आमचा हिरो नेमका मानेचीच हाडं पोलादाची करत बसला होता.

ज्यांना हे व्यसन नाही त्यांना थोडक्यात सांगतो, या गोष्टींत माणूस साधना करत करत अमर व्हायला बघतो. काही जण श्वासातून 'ची', म्हणजे प्राणशक्ती, गोळा करतात, ती सभ्य लोकांची पद्धत. आमचा हिरो बॉडी कल्टिवेटर, म्हणजे आधी कातडी, मग मांस, मग स्नायू, हाडं, मज्जा असं एकेक कडक करत आत जायचं, आणि कडक कसं करायचं तर मार खाऊन, उकळत्या काढ्यात बसून, शेवटी आभाळातली वीज अंगावर घेऊन. लेव्हल पार झाली की अंगातून काळा घाणेरडा चिकटा बाहेर येतो, मग गडी आंघोळ करून निघाला की एकदम हँडसम. मी आंघोळ करून निघालो की फक्त ओला असतो.

बरं हे खूळ आजचं नाही. जुन्या चिनी कथांतल्या सून वुकोंग या वानराला ताओ पंथाच्या देवाने भट्टीत घालून ४९ दिवस भाजला, तर तो जळायचं सोडून धुराने लालसोनेरी डोळे घेऊन बाहेर आला, भट्टीलाच लाथ मारून. तिथल्याच नझा नावाच्या बालदेवाचं शरीर गेलं तर गुरूने कमळापासून नवं बनवून दिलं. मी कमळकाकडीचा भाव काढून ठेवलाय.

फिजिओवाले म्हणाले उशी बदला, मोबाईल कमी करा. हे काय उत्तर झालं! चीनमध्ये मावांगत्वेईच्या थडग्यात इ.स.पू. १६८ चा रेशमी कपडा सापडलाय, त्यावर व्यायाम करणारी ४४ माणसं काढलीयत, आणि एकालाही कोणी उशी बदल म्हटलेलं दिसत नाही. मग मी ठरवलं आपण बादुआनजिन हा चिनी व्यायाम करायचा, आठ प्रकार, सोपे असतात म्हणे. दुसऱ्या प्रकारात धनुष्य ताणून गरुडावर नेम धरायचा असतो. बाल्कनीत धनुष्य ताणलं, कढीपत्त्याची कुंडी गेली. मग खांबासारखं नुसतं उभं राहायची साधना केली, हातात न दिसणारा माठ धरून, तर समोरच्या बिल्डिंगमधले काका ओरडले, "काय हो, कोणी येतंय का धरायला?"

पोटाखाली दानत्यान असतं, सगळी ची तिथे साठते. शब्दाचा अर्थ हिंगुळाचं शेत, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. जुने लोक खरोखरच हिंगूळ, पारा घालून अमर व्हायच्या गोळ्या करायचे आणि चीनच्या तांग घराण्यातले काही बादशहा त्या खाऊन वेळेआधीच वर गेले, त्यामुळे पुढे शहाण्या लोकांनी ठरवलं की गोळी बाहेर नको, पोटातच मनाने बनवू. माझ्या शेतात डोकावलं तर होळीपासूनचं पुरणपोळीचं पीक उभं आहे.

म्हणून मग बिगू करायचं ठरवलं, म्हणजे धान्य सोडायचं. जुन्या ताओ लोकांचं म्हणणं असं की शरीरात तीन किडे असतात, ते धान्यावर जगतात आणि दर साठ दिवसांनी एका ठराविक रात्री आपण झोपलो की वर जाऊन आपल्या पापांची चुगली करतात. म्हणून लोक त्या रात्री जागरण करायचे. मी दुपारी भात नको म्हटलं, आईने कपाळाला हात लावून बघितला, संध्याकाळपर्यंत सांगलीच्या आत्याचा फोन, "काय रे, जेवत नाहीस म्हणे, ऑफिसात काही झालंय का?" आमच्याकडे साठ दिवस लागत नाहीत. रात्री गुपचूप दोन वाट्या वरणभात खाल्ला, किड्यांसकट सगळे खूश.

काल हिरो गुहेचं दार लावून साधनेला बसला, तीनशे वर्षांसाठी. मला पण फार वाटलं. सकाळी मोबाईल घेऊन बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, गीझर ऑन केला, बादलीत निलगिरीचे दोन थेंब टाकले, अर्धा चॅप्टर होतोय तोवर दारावर थापा. "अरे, किती वेळ? नऊला पाणी जातं, आणि मोबाईल आत नेलायस ना?"

मी आतून खोकलो.