"मालक, सगळं कव्हर आहे!"

आमच्या हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग गेलीय. उन्हाळ्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहतं, पावसाळ्यात राहत नाही. सोलापुरात काळ्या मातीवर घर बांधलेल्यांना जास्त सांगायला नको. माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, भिंत बिचारी मधल्या मधे.

त्या भेगेसाठी मी मोठ्या तोऱ्यात घराच्या विम्याचा क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, चहा पिऊन गेला. नंतर नकाराचं पत्र. पॉलिसी देताना "मालक, सगळं कव्हर आहे" म्हणणारा एजंट आता म्हणतो, "मालक, वाचलं नव्हतं का?"

नव्हतं वाचलं. पॉलिसी घेतली ती आईच्या हट्टानं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही अंथरुणातून थेट रस्त्यावर आलो होतो, ती भीती तिच्या मनातून गेली नाही.

मग एका रविवारी बसून वाचलं. भारत गृह रक्षा, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी ठरावीक पॉलिसी. भूकंप आहे, आग, वीज, वादळ, दंगल आहे. पूरही आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं काय केलं ते आठवा. जमीन खचली तरी पैसे मिळतात, पण नव्या बांधकामाचं बसणं, भरावाची जमीन सरकणं आणि सदोष बांधकाम वगळून. आमच्या पायाखाली मुरमाचा भराव. संपलं.

झिजेचा खर्च नाही, म्हणजे वर्षानुवर्षं झिरपणारा स्लॅब तुमचा तुम्ही बघा. पण पाण्याची टाकी फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान आहे! नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या, गच्चीवर टाक्यांची रांग लावणाऱ्या आपल्या गावाला हे कुणी सांगतच नाही. चोरीचं उलटं. पूर, आग असं काही झाल्यावर ७ दिवसांत झालेली चोरीच धरतात; एरवीच्या घरफोडीला वेगळा विमा. सोन्याचंही वेगळं. घरातलं सामान घराच्या विम्याच्या रकमेच्या २० टक्के, तेही १० लाखांपर्यंतच आपोआप येतं. आणि सोलापूरच्या पूर्व भागात पुढच्या खोलीत माग चालवणाऱ्यांनो, ही पॉलिसी राहत्या घराची आहे, धंद्याच्या सामानाची नाही.

माझा राग नकारावर नाहीच आता. "सगळं" या शब्दावर आहे. आणि तो ऐकून सही करणाऱ्या माझ्यावर.

पॉलिसी चालू ठेवलीय. यंदा एजंट आला तेव्हा विचारलं, "काय कव्हर नाही, तेवढंच सांगा." त्यानं चहा अर्धाच ठेवला.