काय मोजले, ते आधी दाखवा

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या कॅरोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एल्बे नदीत कोसळला. त्या क्षणी पुलावर कोणी नव्हते म्हणून जीवितहानी टळली. १९७१ सालच्या या पुलाची तपासणी होत असे, तरीही काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांना पडलेले तडे बाहेरून दिसले नाहीत. त्यामुळे ‘परदेशात सगळे चोख असते’ असे या शहरात राहून मी म्हणणार नाही. मात्र पुढे कारणांचा तपास तांत्रिक विद्यापीठातील तज्ज्ञाने केला आणि निष्कर्ष लोकांसमोर आले. जवळच्या बाड शांडाऊ गावचा पूलही बंद करून त्याची भारचाचणी घेण्यात आली आणि तार तुटल्याचा आवाज टिपणारी यंत्रणा बसवूनच तो हलक्या वाहनांसाठी उघडला गेला.

मुंबईत जुन्या इमारती पाडाव्यात की दुरुस्त कराव्यात, या वादात मला नेमकी याच पारदर्शकतेची उणीव जाणवते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या दशकांतली वास्तुशैली) इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण शहरातल्या त्याच पिढीच्या इतर काँक्रीट इमारतींचे भवितव्य ‘सी-१’ म्हणजे ‘अतिधोकादायक, पाडण्यायोग्य’ या एका शेऱ्यावर ठरते. मालकाच्या अभियंत्याचा अहवाल इमारत पाडा म्हणतो, भाडेकरूंचा अहवाल दुरुस्ती पुरेशी आहे म्हणतो आणि प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. आकडे कुठून आले, हे मात्र सामान्य रहिवाशाला कळत नाही.

वास्तविक जुन्या काँक्रीटची परीक्षा फसवी असते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे कठीण होत जातो, त्यामुळे नुसता रिबाउंड हॅमर (उसळीवरून पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा हातोडा) मारला तर ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कता दाखवणारे रसायन शिंपडल्यास निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होते आणि अल्कता गमावलेला थर रंगहीन राहतो. हा थर सळीपर्यंत पोचला असेल तर अल्कतेमुळे सळीला गंजापासून मिळणारे संरक्षण संपले असे समजावे. पण समुद्राकाठी एवढ्यानेही भागत नाही, कारण खाऱ्या हवेतले क्लोराइड आत मुरले असेल तर गुलाबी काँक्रीटमध्येही सळी गंजते. म्हणून कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून ताकद तपासणे, वेगवेगळ्या खोलीवरचे क्लोराइड मोजणे आणि गंजाची शक्यता दाखवणारी हाफ-सेल चाचणी करणे, हे सारे एकत्र वाचावे लागते. समुद्राकडची बाल्कनी पोखरलेली आणि आतले खांब ठणठणीत, असेही एकाच इमारतीत आढळू शकते.

पावसाळ्यात छताचे तुकडे ज्यांच्या अंथरुणावर पडतात, त्यांना वारशाचे महत्त्व मी दूर बसून सांगावे हे योग्य नव्हे. त्यांचा जीव आधी. त्यांच्यासाठीच माझा आग्रह आहे की प्रत्येक अहवालासोबत कोणत्या खांबातून, कोणत्या मजल्यावर कोअर काढला आणि काय वाचन मिळाले, हे दाखवणारा नकाशा मराठीत जोडावा, तो रहिवाशांना विनाशुल्क द्यावा, आणि नकाशा नसलेला अहवाल समितीने विचारातच घेऊ नये, मग तो मालकाचा असो वा भाडेकरूंचा.