परत आलेल्या माणसाला "परत कधी?" विचारणे आता पुरे झाले

आज सकाळी आमच्या गावच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. तिथून घरी आल्यापासून माझे डोके तापलेले आहे, म्हणून हे लांबलचक लिहीत आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावे. अमेरिकेत बरीच वर्षे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचा तिथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. "मातृभूमीच्या ओढीने डॉलरवर पाणी सोडणारा सुपुत्र" अशी सूत्रसंचालकांनी त्याची ओळख करून दिली आणि सगळ्या सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी, त्याच शाळेत शिकलेले माझे भाओजी व्यासपीठाच्या मागे उकिडवे बसून माइकची वायर जोडत होते, कारण ऐन भाषणात आवाज खरखरू लागला होता. आयुष्याची उमेदीची सगळी वर्षे सौदी अरेबियात घालवून तेही नुकतेच कायमचे परत आले आहेत. कार्यक्रम संपल्यावर एका पदाधिकाऱ्याने जाता जाता त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि विचारले, "काय, परत कधी निघणार?"

भाओजी हसले. मला मात्र हसू आले नाही.

त्या सत्कारमूर्तीबद्दल माझ्या मनात काडीचाही आकस नाही. त्याने मोठा पगार सोडला हे खरे आहे आणि त्याबद्दल त्याचे कौतुक व्हावे, हेही मान्य. परंतु ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग किती लांब असते, एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांपेक्षा जास्त कार्डे सहसा येत नाहीत आणि नोकरी गेली तर एच-१बी व्हिसावाल्याला दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात, हे आपल्यापैकी ज्यांची मुले-भाचरे तिकडे आहेत त्यांना पुरते ठाऊक आहे. तरीही तो परतला की ती मातृभूमीची ओढ ठरते, आणि आखातातून माणूस परतला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो "कंपनीने काढले काय?" असा. हा दुजाभाव आपण किती सहज करतो!

खरे तर परतणे हे ज्याच्या कपाळावर पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते, तो आखातातला कामगारच असतो. तिथे जन्म काढला तरी साध्या कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कफीलाशी, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाशी बांधलेला. काम संपले की फायनल एग्झिटचा शिक्का बसतो आणि विमानात बसावे लागते. २०११ मध्ये सौदीने निताकत नावाची योजना आणून आपल्या लोकांना नोकऱ्या राखून ठेवल्या, २०१७ पासून कुटुंब जवळ ठेवणाऱ्यावर माणशी दरमहा १०० रियालचा कर बसवला आणि तो दर वर्षी शंभराने वाढवत नेला, तेव्हा ज्यांनी बायकामुलांना तिकडे नेले होते त्यांनीही बाडबिस्तरा आवरला. त्याआधी १९९० मध्ये कुवेतवर इराकने कब्जा केला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले; त्यांत आपल्या खेड, चिपळूण, महाड भागातले लोकही होते आणि त्यांतले कितीतरी जण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले होते. म्हणजे परतणाऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या आपल्या डोळ्यांसमोर आहेत आणि तरी त्यांचे करायचे काय, याचा विचार आपण एकदाही केलेला नाही.

भाओजी एका मोठ्या रुग्णालयाच्या देखभाल विभागात होते. चिलर, जनरेटर, पंप, ऑपरेशन थिएटरची वीज अखंड ठेवणारी यंत्रणा, हे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले आहे. तिकडची वीज ६० सायकलची आणि आपली ५० ची, त्यामुळे तीच मोटर इथे वेगळी गाते, असे ते परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. हा माणूस लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी मागायला गेला. जाताना अनुभवाचे पत्र नेले होते, एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी, खाली कंपनीचा निळा गोल शिक्का, आणि पावसाने खराब होऊ नये म्हणून ताईने ते लॅमिनेट करून दिलेले. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि आयटीआयचे सर्टिफिकेट मागितले. ते भाओजींकडे नाही, कारण बापाच्या आजारपणात शिक्षण सुटले आणि एजंटाला पैसे भरून ते कोवळ्या वयात निघून गेले. "शिवाय पन्नाशीच्या पुढचे आम्ही घेत नाही," असेही त्या अधिकाऱ्याने सांगितले. नियमांवाचून कारखाना चालत नाही, हे मलाही कळते. पण ज्या माणसाच्या भरवशावर परक्या देशातले अतिदक्षता विभाग रात्रभर चालले, त्याला हातात पाना देऊन एकदा तपासूनही पाहू नये?

आता गावाचे ऐका. गेल्या उन्हाळ्यात आपल्या नळपाणी योजनेचा पंप दर पंधरवड्याला जळत होता, रिवाइंडिंगवाल्याची चंगळ चालली होती आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवर जात होत्या. भाओजी सहज त्या बाजूने चालले होते. पंपघराच्या दाराशी ते थबकले, क्षणभर कान दिला आणि आत धावत जाऊन त्यांनी स्विच पाडला. तीनपैकी एक फेज गेली होती आणि मोटर उरलेल्या दोनांवर कण्हत होती. दोन मिनिटे उशीर झाला असता तर पुन्हा जळाली असती. फेज गेल्यावर मोटर आपोआप बंद करणारे प्रिव्हेंटर कोणीतरी कधीच बायपास करून ठेवले होते. त्यांनी ते बदलायला लावले, केबलचे जोड नव्याने बांधले आणि तेव्हापासून तो पंप जळलेला नाही. याबद्दल त्यांना कोणी नारळ दिला नाही. मजुरी तर नाहीच नाही.

सरकारबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. १९१५ मध्ये त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतले काम संपवून मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले होते, म्हणजे तो दिवस मुळात एका परतलेल्या माणसाचा. पण सोहळा चालतो तो तिकडेच राहिलेल्यांचा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते, जाताना त्याच्याकडून विमा घेतला जातो, अपघाती मृत्यू झाला तर १० लाख रुपये मिळतात. जिवंत परतला तर काय, याचे उत्तर कोणाकडेच नाही. २०२४ च्या जूनमध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा शवपेट्या घ्यायला विमानतळावर मंत्री उभे होते. ते योग्यच होते. पण शवपेटीतून आलेल्याला मानवंदना आणि दोरीने बांधलेले खोके ट्रॉलीवर ढकलत आलेल्याला कस्टमवाल्याचा संशय, एवढाच आपला हिशेब असेल तर मला त्याची चीड येते.

केरळने १९९६ मध्ये अनिवासींसाठी स्वतंत्र खाते काढले, २००८ मध्ये कल्याण निधीचा कायदा केला, आणि त्यात वर्गणी भरलेल्या परतलेल्यांनाही साठीनंतर निवृत्तिवेतन मिळते. महाराष्ट्र म्हणजे केरळ नव्हे, आपल्याकडे जाणाऱ्यांचे प्रमाण तेवढे नाही, हे कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच कबूल करून टाकते. मात्र रत्नागिरी आणि रायगडमधल्या कितीतरी वाड्यांत स्लॅबची घरे, मशिदी आणि देवळांचे जीर्णोद्धार, शाळांच्या खोल्या कोणाच्या पैशांतून उभ्या राहिल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या वर्गखोलीत आज सत्कार झाला तिच्या पत्र्यांसाठीही सौदी आणि कतारहून वर्गणी आली होती.

"पैसा कमावला, घर बांधले, आणखी काय हवे?" असे म्हणणारे आमच्या नात्यातच आहेत. घर बांधले, हे खरे. सौदीच्या कायद्याने सेवा संपल्यावर पहिल्या पाच वर्षांचा वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एका महिन्याचा पगार मिळतो, तोही त्यांना मिळाला. तो भाचीच्या लग्नात आणि घराच्या उरलेल्या कर्जात गेला. पेन्शन नाही, आणि त्यांचे वय पाहून विमा कंपन्याही तोंड फिरवतात.

हे सगळे रागाने लिहिताना ताईची आठवण येते आणि हात थोडा सैल पडतो. तिने एकटीने शेती पाहिली, सासू-सासऱ्यांचे केले, मुलांच्या शाळेच्या बैठकांना गेली, बँकेत मॅनेजरशी भांडली. दोन वर्षांतून दोन महिने येणारा नवरा तिला पाहुण्यासारखा सांभाळायची सवय झाली होती. आता तो कायमचा आला आहे आणि दोघांनाही ते नीट जमत नाही. भाओजी रोज पहाटे उठून आपले अंथरूण कॅम्पातल्यासारखे घट्ट वळकटी करून खाटेखाली सरकवतात, दाढीचे सामान एका डब्यात, कपडे त्याच जुन्या बॅगेत. ताईने कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले, ते अजून रिकामेच आहेत. "कप्पा उघडला की दुसऱ्याच्या घरात हात घातल्यासारखे वाटते," असे ते एकदा मला म्हणाले. ताई त्यावर काही बोलत नाही, पण तिने ते कप्पे दुसऱ्या कशानेही भरलेले नाहीत. अशा घरात येऊन कोणी "परत कधी?" विचारतो तेव्हा त्याला कल्पनाही नसते की तो कुठे बोट ठेवतो आहे.

तेव्हा आता कामाचे बोलते. खेड, चिपळूण, दापोली भागात कोणाच्या ग्रामपंचायतीची पाणीयोजना अडखळत असेल, कोणाच्या दवाखान्याचा जनरेटर कुरकुर करत असेल, किंवा कोणाच्या आयटीआयमध्ये मुलांना पंपाचा आवाज ऐकायला शिकवणारा माणूस हवा असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. भाओजींना विचारून मी त्यांचा नंबर देईन. फक्त बोलावण्याआधी मजुरी किती देणार ते सांगा. "आपलाच माणूस आहे" म्हणून फुकट बोलावणाऱ्यांनी मेसेज करू नये.