मेंदी उतरते, गोंदण राहतं : '२६ सेकंदांत रक्तात'चा प्रतिवाद

आत्याने परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "तू फार्मसी शिकवतेस ना, खरं का गं हे?" हाच मेसेज मला याआधी निदान तिघांकडून आलाय. दर वेळी चित्र वेगळं, मजकूर तोच. थोडक्यात असा: अंगाला लावलेली कुठलीही वस्तू २६ सेकंदांत रक्तात पोचते. लावलेल्यातलं ६० टक्के शरीर शोषून घेतं. पुरावा हवा असेल तर तळपायाला लसूण चोळा, चव तोंडात येईल. त्वचा श्वास घेते, तेला-क्रीमने तिची रंध्रं बुजतात आणि घामावाटे जाणारं विष आतच अडकतं. म्हणून साबण, शाम्पू, क्रीम बंद करा. जे खाता येत नाही ते अंगाला लावू नका.

"नाही गं" एवढं लिहून मोकळी झाले असते. पण अशा मेसेजमध्ये दोन चिमटी खरंही असतं आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. म्हणून सविस्तर लिहिते.

"२६ सेकंदांत रक्तात"

मुळात रक्त किती खाली आहे? कागदाच्या कडेने बोट कापतं, झणझणतं, पण पुष्कळदा रक्ताचा थेंबही दिसत नाही. कारण बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतातच. शाळेत 'अभिस्तर ऊती' म्हणून जे शिकलो ते हेच: एकमेकींना घट्ट खेटलेल्या पेशी, स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, अन्न-पाणी खालच्या थरातून झिरपून येणार. चेतातंतूंची टोकं मात्र वरपर्यंत आलेली असतात, म्हणून झणझणतं.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात आणि वर ढकलल्या जातात. जाता जाता त्या केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात, चपट्या होतात आणि मरतात. सर्वांत वर अशा मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असतात. हातापायांचे तळवे सोडले, तर या सगळ्यांची मिळून जाडी वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी कमी भरते. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या मधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. आत येणाऱ्याला अडवायचं आणि आतलं पाणी राखायचं, ही दोन्ही कामं मुख्यतः हा मेलेला थर करतो. मेलेलाच असल्यामुळे शरीरापासून वेगळी काढलेली त्वचाही बराच काळ अडसर म्हणून टिकते. औषध किती आत जातं हे आमच्या प्रयोगशाळांत अशाच त्वचेवर मोजतात.

याचा घरचा पुरावा म्हणजे मेंदी. मेंदीतलं रंगद्रव्य अगदी छोटं, आत शिरायला सोयीचं. रात्रभर हात बांधून ठेवला तरी ते या वरच्या थरातल्या केराटिनला धरून बसतं, आणि थर झडत जातो तसा दोन-तीन आठवड्यांत रंगही जातो. तळहातावर ती सर्वांत गडद चढते, कारण तिथे मेलेला थर सर्वांत जाड. आजीच्या हातावरचं गोंदण मात्र सत्तर वर्षं तसंच राहतं, कारण सुईने शाई बाह्यत्वचेखाली, अंतस्त्वचेत नेऊन ठेवलेली असते. वरून लावून तिथे पोचता आलं असतं तर गोंदणाऱ्या बाईला सुई कशाला लागली असती?

तंबाखूचंही बघा. माणूस तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मिनिट-दोन मिनिटं मळतो. २६ सेकंदांचा नियम खरा असता तर मळतामळताच किक बसायला हवी. ती बसते तंबाखू ओठामागे गेल्यावर. तोंडाच्या आतलं अस्तरही अभिस्तरच, पण गालाच्या आत, ओठामागे आणि जिभेखाली त्यावर तसला मेलेला कोरडा थर नसतो आणि खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन अस्तरातून सहज पार होतं. मिश्री लावणाऱ्या बायकांना तलफ लागते ती याच वाटेने. हृदयरोग्याची गोळी जिभेखाली ठेवतात तीही याचसाठी, आणि इतक्या सोयीच्या जागेवरूनही गुण यायला एक-दोन मिनिटं लागतात. त्याच कामाचं नायट्रोग्लिसरीन पट्टीतून छातीच्या कातडीवर दिलं तर अर्ध्या-एक तासाची गोष्ट.

"पण बाम लावला की लगेच गार वाटतं की!" हे आत्याचं पुढचं वाक्य असणार, मला ठाऊक आहे. वाटतं खरं. मेंथॉल वरवरच्या चेतातंतूंच्या टोकांवरचा थंडी ओळखणारा ग्राही चाळवतं. रक्ताचा त्यात संबंध नाही आणि कातडी खरोखर गारही झालेली नसते. तापमान ओळखणारे हे ग्राही शोधण्याबद्दलच डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल विभागून मिळालं.

"६० टक्के शोषलं जातं"

सगळ्यांत जास्त गोंधळ या आकड्यात आहे. त्याचं मूळ म्हणून बहुतेकदा १९८४ च्या एका अमेरिकन शोधनिबंधाकडे बोट दाखवलं जातं. नळाच्या पाण्यातली उडून जाणारी काही रसायनं शरीरात कुठल्या वाटेने जातात, पिण्यातून की आंघोळीतून, एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर आलं: शरीरात गेलेल्या मात्रेपैकी २९ ते ९१ टक्के, सरासरी ६४ टक्के, त्वचेवाटे. म्हणजे आत गेलेल्या रसायनाची ती वाटणी होती. 'अंगाला लागलेल्या प्रत्येक वस्तूचा ६४ टक्के भाग आत जातो' असं त्यात कुठेच नाही. मुंबईहून पुण्याला आलेल्यांपैकी ६४ टक्के लोक रेल्वेने आले, याचा अर्थ ६४ टक्के मुंबई पुण्यात आली असा लावण्यासारखं झालं हे.

मग खरं किती जातं? ते वस्तूवर आणि जागेवर ठरतं. वस्तूचं आधी. औषधशास्त्रात एक ढोबळ मर्यादा मानतात, ५०० डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). रेणू याहून जड असला तर धड त्वचेतून तो फारसा जात नाही. निकोटिन १६२, म्हणून त्याची पट्टी निघते. आणि तंबाखूची ओली पानं तासन्‌तास हाताळणाऱ्या तोडणीच्या मजुरांना मळमळ, चक्कर येते तीही त्याचमुळे. तळहातावरची दोन मिनिटं आणि ओल्या शेतातला अख्खा दिवस यांत हा फरक आहे. इन्शुलिन सुमारे ५,८००. कातडीतून ६० टक्के आत जात असतं तर आपल्या घरोघरचे मधुमेही रोज पोटाला सुई कशाला टोचत बसले असते? आणि कोलॅजेन तीन लाख डाल्टन. कोलॅजेनची महागडी क्रीम चेहऱ्याला फासून ते आत 'भरून' निघेल अशी आशा बाळगणाऱ्यांनीही हे वाचावं. फॉरवर्डवाले आणि जाहिरातवाले इथे एकाच बाकावर बसलेत.

जागेचं गणित तर अजून मजेशीर. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड माणसांच्या अंगावर ठिकठिकाणी लावलं आणि पाच दिवस लघवी गोळा करून त्यातलं किती आत गेलं ते मोजलं. हाताच्या कोपर ते मनगट या भागावरून गेलं जेमतेम एक टक्का. कपाळावरून त्याच्या सहापट, जबड्याच्या कोपऱ्यावरून तेरापट, अंडकोशाच्या त्वचेतून ४२ पट. आणि तळपायावरून? हाताच्या साधारण सातवा हिस्सा. फॉरवर्डने पुराव्यासाठी नेमका तळपाय निवडलाय.

त्या ४२ वर जरा थांबते, कारण त्याचे परिणाम आम्हाला दुकानाच्या काउंटरवर दिसतात. जांघेत खाज सुटली, गजकर्ण झालं की लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून 'ती ट्यूब' मागून आणायची. तीत बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टिरॉइड असतं. पातळ त्वचा, घडीतली ओल, वर घट्ट कपडे, म्हणजे शोषण वाढवायची सगळी सोय. चार दिवस खाज थांबते आणि बुरशी पसरते. महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. २६ सेकंदांची भीती घालणाऱ्या मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

"लसूण चोळा, चव तोंडात येईल"

हा मुद्दा मी अर्धा मान्य करते. लसूण ठेचल्यावर तयार होणारं ॲलिसिन १६२ डाल्टनचं, निकोटिनएवढंच. असले हलके गंधकयुक्त रेणू त्वचा पार करतात आणि काहींना ती चव खरंच येते. पण त्याला बराच वेळ लागतो आणि त्यात नाकाने घेतलेल्या वासाचाही वाटा असतो. शिवाय लसूण जातो म्हणून सगळं जातं, हे म्हणजे गजाच्या खिडकीतून मांजर आत आली म्हणून म्हैसही येईल म्हणण्यासारखं. हा प्रयोग लहान मुलांवर तर करूच नका. कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला की भाजल्यासारखे फोड येतात.

"त्वचा श्वास घेते" आणि "घामातून विष"

बेडूक घेतो. गांडूळही घेतं. आपल्या त्वचेचा अगदी वरचा, मिलिमीटरभरही नसलेला जिवंत भाग बाहेरच्या हवेतून थोडा ऑक्सिजन घेतो हे खरं, पण तो स्वतःपुरता. बाकीच्या देहाची भिस्त फुफ्फुसांवर. तेलाने रंध्रं बुजून मुरुमं वाढू शकतात, एवढंच त्या भीतीत तथ्य. उलट तेलाचा थर पाणी उडून जाणं कमी करतो. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने चोळलं, तेव्हा रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले, असा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बाळांची त्वचा अजून पुरती तयार झालेली नसते, तेलाने त्या अर्धवट भिंतीला आधार दिला. (कोणतंही तेल चालेल असा अर्थ काढू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.)

घाम म्हणजे ९९ टक्के पाणी, बाकी मीठ, थोडं युरिया, थोडं लॅक्टेट. त्याचं काम अंग गार करणं. विष काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

"जे खाता येत नाही ते लावू नका"

वाक्य कसं गोटीबंद आहे, म्हणून तर पसरतं. पण डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतात ना? ती बिब्ब्याची बी. लाडवातून मजेत खाता येते, आणि तिच्याच टरफलातलं काळं तेल कातडीला लागलं तर 'बिबा उततो', फोड येऊन कातडी सोलवटते. काजूगराचंही तेच. कोकणातल्या कारखान्यांत काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची टरफलाच्या तेलाने काय दशा होते, हे पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. मिरची खातो, डोळ्याला लावून बघा. लिंबू तर 'नैसर्गिक ब्लीच' म्हणून चेहऱ्याला चोळतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लच असतो, पीएच पाचच्या आसपास. लिंबाचा दोनच्या आसपास, म्हणजे हजारपट आम्ल. वर लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचा जाळतात आणि मागे काळे डाग ठेवतात.

उलट कॅलामाइन लोशन कुणी पीत नाही, भेगांना लावायचं पेट्रोलियम जेली कुणी पोळीला फासत नाही. दोन्ही कातडीवर गुण्यागोविंदाने नांदतात. आतडं आणि कातडी दोन्हींवर अभिस्तरच आहे, पण आतड्याचा अभिस्तर एकेरी, शोषायलाच बसलेला. कातडीचा अनेक थरांचा, अडवायला बसलेला. एकाचा नियम दुसऱ्याला लावण्यात अर्थ नाही.

मग त्वचेतून घातक काहीच जात नाही? जातं ना. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये बाळांच्या एका पावडरीत चुकून ६ टक्के हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे एक-दोन थेंब सांडले. मोज्यातून आणि कातडीतून पारा आत गेला आणि पुढच्या वर्षी त्या वारल्या. गोरं करणाऱ्या बिनलेबलाच्या क्रीममधला पारा मूत्रपिंडं बिघडवतो, हे आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलंय.

आणि २०१७ चं यवतमाळ. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर औषध पडत होतं, कपडे ओले होऊन तसेच अंगावर वाळत होते. कीटकनाशक श्वासातून गेलं तसंच कातडीतूनही गेलं. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अंगावर फवारा आला तर पहिलं काम म्हणजे ओले कपडे तिथल्या तिथे उतरवणं आणि अंग भरपूर पाण्याने, साबण लावून धुणं. आत्याच्या मेसेजमधल्या 'बंद करा'च्या यादीत पहिलं नाव साबणाचंच आहे.