‘कुरिअर कंपनीत लागा आणि जगभर फुकट उडा’: हा दावा कुठे कुठे चुकतो

अमेरिकेतल्या कुरिअर कंपन्यांमधल्या नोकरीबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा गाभा असा: फेडएक्स किंवा यूपीएसमध्ये अगदी पार्सलं उचलायच्या कामावर लागलात तरी कंपनीच्या विमानातून घरच्यांसकट कुठेही फुकट जाता येतं. हे जमतं, कारण तिथला कायदा या सगळ्यांना विमान कंपनीचे कर्मचारी मानतो. ज्या कंपनीकडे विमानं, तिच्या सगळ्यांना हाच कायदा. आणि एवढं सगळं मिळत असताना युनियन हवी कुणाला?

हा मजकूर वाचून तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं ‘विमान मिळतंय ना, मग पगार थोडा कमी चालेल’ असा हिशेब करू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

‘घरच्यांसकट फुकट विमान’

मालवाहू विमानात तिकीट विकता येईल अशी खुर्चीच नसते. कॉकपिटमध्ये किंवा त्याच्या लगेच मागे काही जादा खुर्च्या असतात, त्यांना जंपसीट म्हणतात. त्यांवर कोणी बसावं याची यादी अमेरिकेच्या हवाई नियमांच्या भाग १२१ मध्ये दिली आहे. विमानाचे कर्मचारी, कंपनीचे कर्मचारी, सरकारी निरीक्षक, जिवंत जनावरांबरोबर जाणारा माणूस, घातक किंवा नाशवंत मालाची काळजी घेणारा, मौल्यवान मालाचा पहारेकरी, असे लोक त्यात येतात. कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांचाही उल्लेख आहे, पण तो एका अटीवर: कर्मचारी कंपनीच्या कामासाठी अशा दूरच्या ठाण्यावर जात किंवा येत असेल, जिथे पुरेशी प्रवासी विमानं नाहीत, आणि कुटुंबीय त्याच्याबरोबर असतील. सुट्टीत बायकोमुलांना घेऊन हवाई बेटांवर जाणं या यादीत बसत नाही.

नियम कंपनीला कर्मचारी बसवण्याची मुभा देतो, बंधन घालत नाही. खुर्ची द्यायची की नाही, कोणत्या पदाच्या माणसाला द्यायची, हे कंपनी ठरवते. शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो.

ही मुभा पुढे इतकी का आवळली गेली, ते समजायला ७ एप्रिल १९९४ चा दिवस पाहावा लागतो. मेंफिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडएक्सच्या ७०५ क्रमांकाच्या डीसी-१० विमानात जंपसीटवर कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर बसला होता. खोट्या नोंदींबद्दल त्याची चौकशी लागली होती. सामानातून त्याने हातोडे आणि मासे मारायची स्पिअरगन आणली होती. तिघा वैमानिक-कर्मचाऱ्यांना मारून विमान पाडायचं, आणि ते अपघातासारखं दिसावं, असा त्याचा बेत होता. डोकी फुटलेल्या अवस्थेत त्या तिघांनी त्याला आवरलं आणि विमान परत मेंफिसला उतरवलं. जखमांमुळे त्यांतल्या एकालाही पुन्हा व्यावसायिक विमान चालवता आलं नाही. पुढे ११ सप्टेंबर २००१ नंतर तर कॉकपिटजवळ कोण बसतो हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न झाला. ओळखपत्र दाखवून कोणीही पार्सलवाला विमानात चढतो, हे आज होत नाही.

दुसरी एक सवलत खरी आहे, आणि मजकुरात तिची जंपसीटशी गल्लत झाली आहे. विमान कंपन्या एकमेकींशी करार करतात आणि एकमेकींच्या कर्मचाऱ्यांना उरलेल्या जागांवर कमी भाड्यात नेतात. मालवाहू कंपन्याही अशा करारांत असतात. पण ही सवलत ‘जागा उरली तर’ असते. गणपतीच्या किंवा नाताळच्या आठवड्यात मुंबईच्या विमानासाठी दारात उभं राहून शेवटी घरी परतण्याची तयारी ठेवावी लागते. भाडं आणि कर खिशातून जातात. कोणत्या गटाला किती तिकिटं, हे त्या त्या करारावर ठरतं आणि करार बदलू शकतो.

‘कामगार कायद्यामुळे विमान मिळतं’

हा मुद्दा थोडक्यात संपतो. ही सवलत करपात्र का नाही, याचं उत्तर अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम १३२ मध्ये आहे. कंपनीला जास्तीचा खर्च न येता कर्मचाऱ्याला दिलेली सेवा उत्पन्नात धरायची नाही, असं ते कलम सांगतं. त्यात अट अशी, की कर्मचारी ज्या धंद्यात काम करतो त्याच धंद्यातली ती सेवा हवी. मग माल वाहणाऱ्या कंपनीचा माणूस प्रवासी विमानात बसला तर? त्यासाठी कलमात वेगळी ओळ आहे: या कामापुरती हवाई मालवाहतूक आणि हवाई प्रवासी वाहतूक ही एकच सेवा मानावी. म्हणजे करसवलत आयकर कायद्याची, तिकीट कंपन्यांच्या आपसातल्या कराराचं आणि जंपसीट हवाई नियमांची. कामगार म्हणून तुम्ही कोणत्या कायद्याखाली येता, याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. उद्या वर्गीकरण बदललं तरी तिकीट आपोआप जात नाही, आणि वर्गीकरण टिकलं म्हणून तिकीट टिकेलच असंही नाही.

‘विमानं आहेत म्हणून सगळे त्याच कायद्याखाली’

सगळ्यात मोठी चूक इथे आहे.

अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या कामगारांसाठी दोन मोठे कायदे आहेत. एक १९३५ चा नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्ट. त्याच्याखाली एका गोदामातले, एका डेपोतले लोक मतदान करून युनियन आणू शकतात, आणि करार संपला की संपावर जाऊ शकतात. दुसरा १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट. १९२२ च्या मोठ्या रेल्वे संपानंतर, गाड्या थांबू नयेत या हेतूने तो झाला आणि १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू केला गेला. त्याच्याखाली देशभरातल्या एका प्रकारच्या सगळ्या कामगारांनी एकत्रच युनियन निवडायची असते. करार संपतच नाही, तो फक्त बदलायला खुला होतो. संपाआधी सरकारी मध्यस्थी, तडजोड होत नाही असं म्हणून मध्यस्थांनी मोकळं सोडलं तरच ३० दिवसांची थांबा-मुदत, आणि हवं तर राष्ट्राध्यक्षांची समिती, एवढं सगळं पार पाडावं लागतं.

आता कोण कुठे बसतो ते पाहा. यूपीएसची स्वतःची मोठी विमान कंपनी आहे आणि लुइव्हिलला तिचा प्रचंड तळ आहे. तिचे वैमानिक रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली येतात. पण तपकिरी गाडी चालवणारे आणि पार्सलं निवडणारे लाखो कामगार १९३५ च्या कायद्याखाली आहेत. आपले जमिनीवरचे कामगारही रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली धरावेत म्हणून यूपीएसने प्रयत्न केला. १९३५ चा कायदा राबवणाऱ्या सरकारी कामगार मंडळाने १९९५ मध्ये तो नाकारला आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयानेही मंडळाचीच बाजू उचलून धरली. सिनसिनाटी विमानतळावर डीएचएलसाठी धावपट्टीलगत विमानात माल भरणाऱ्या कामगारांनी एप्रिल २०२३ मध्ये टीमस्टर्स या ड्रायव्हर आणि गोदाम-कामगारांच्या मोठ्या युनियनला मत दिलं, तेही १९३५ च्याच कायद्याखाली. आणि फेडएक्स एक्स्प्रेसचा, म्हणजे फेडएक्सच्या विमानाने माल नेणाऱ्या शाखेचा, जो ड्रायव्हर दिवसभर गल्लोगल्ली पार्सलं वाटतो, ज्याचा विमानाशी कधी संबंध येत नाही, तो रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली.

विमानाला हात लावणारा एकीकडे आणि विमान न पाहणारा दुसरीकडे, हे कसं? त्याला इतिहास आहे, आणि राजकारणही. १९९१ मध्ये फिलाडेल्फियाच्या आसपासच्या फेडएक्स कामगारांसाठी वाहन-कामगारांच्या युनियनने अर्ज केला. वाद वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी, फेडएक्सचे हे कामगारही रेल्वे लेबर अ‍ॅक्टखालीच, असं ठरलं. तेवढ्या एका भागाची युनियन व्हायची शक्यता तिथेच संपली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एका दुसऱ्या कायद्याच्या आवराआवरीत रेल्वे लेबर अ‍ॅक्टमधले ‘एक्स्प्रेस कंपनी’ हे शब्द गळले होते; या शब्दांचा फेडएक्सला आधार होता. १९९६ मध्ये विमान वाहतुकीच्या विधेयकात सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी ते परत घातले. टेड केनेडी यांनी सिनेटमध्ये कडाडून विरोध केला, तरी ते विधेयक मंजूर झालं. २००९ मध्ये प्रतिनिधीगृहाने उलटी तरतूद मंजूर केली: वैमानिक आणि विमानाची दुरुस्ती करणारे सोडून बाकीच्यांना १९३५ चा कायदा लावावा. त्यावर फेडएक्सने मोठी प्रचारमोहीम उघडली. बोइंग ७७७ जातीच्या १५ जादा विमानांच्या खरेदीला तर कंपनीने आपलं रेल्वे लेबर अ‍ॅक्टखालचं स्थान टिकण्याची अटच जोडली होती. शेवटी ती तरतूद गळाली. २०१२ च्या कायद्यात तर या कायद्याखालच्या निवडणुकीसाठी सुरुवातीलाच निम्म्या कामगारांच्या सह्या लागतील, असं ठरलं.

कंपनी एका वर्गीकरणासाठी पंधरा विमानांची खरेदी टांगणीला लावते, यावरून ते कोणाच्या सोयीचं आहे हे कळतं. फेडएक्सचं म्हणणं असं, की विमान आणि गाड्या ही एकच साखळी आहे, एका शहरातल्या संपाने रातोरात पोचणारी सगळी वाहतूक कोलमडेल. हे म्हणणं अगदीच पोकळ नाही, १९७३ मध्ये मेंफिसहून सुरू झाल्यापासून कंपनीचा धंदाच या साखळीवर उभा आहे. पण यूपीएसही रातोरात पार्सलं पोचवते आणि तिची साखळी दुसऱ्या कायद्याखाली चालतेच.

‘फेडएक्सचा गणवेश म्हणजे फेडएक्सची नोकरी’

मजकूर लिहिणाऱ्याने हे गृहीतच धरलं आहे. आपल्याकडे दारात पार्सल आणून देणारा मुलगा कंपनीचा असतो की कंत्राटदाराचा, हे जसं शर्टावरून कळत नाही, तसंच तिथेही आहे.

फेडएक्सने १९९८ मध्ये विकत घेतलेली आणि पुढे फेडएक्स ग्राउंड झालेली कंपनी सुरुवातीपासून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ड्रायव्हरांवर चालायची. गाडी ड्रायव्हरची, डिझेल त्याचं, विमा त्याचा. पण गाडीचा पांढरा रंग, टोपीपासून मोज्यापर्यंतचा पोशाख आणि दिवसाला साडेनऊ ते अकरा तास भरतील एवढं काम, हे सगळं कंपनी ठरवायची. ऑगस्ट २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, अपील न्यायालयाने कॅलिफोर्निया आणि ऑरेगनच्या ड्रायव्हरांच्या खटल्यांत सांगितलं, की हे कंत्राटदार नव्हेत, कर्मचारी आहेत. कॅलिफोर्नियाचा दावा २२ कोटी ८० लाख डॉलरला मिटला. २०१६ मध्ये आणखी २० राज्यांतल्या ड्रायव्हरांशी २४ कोटी डॉलरची तडजोड झाली. याउलट राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये युनियनच्या प्रश्नावर अशाच ड्रायव्हरांना कंत्राटदारच ठरवलं. एकाच गणवेशातला माणूस एका न्यायालयात कर्मचारी आणि दुसऱ्यात कंत्राटदार.

या वादात कंपनीने रचना बदलली. आता बहुतेक ड्रायव्हर एखाद्या छोट्या कंत्राटदार कंपनीच्या पगारावर असतात. विमानाची सवलत, पेन्शन, आरोग्य विमा यांतलं काय मिळेल, हे तो छोटा मालक ठरवतो. अ‍ॅमेझॉनच्या निळ्या गाड्यांचीही हीच रीत आहे. ‘कुरिअर कंपनीत लागा आणि उडा’ या वाक्यातला ‘कंपनी’ हा शब्दच या लाखो लोकांना लागू पडत नाही.

‘मग युनियन कशाला?’

जुलै २०२३ मध्ये दोन घटना शेजारी शेजारी घडल्या. यूपीएसच्या सुमारे ३ लाख ४० हजार टीमस्टर्स कामगारांचा करार ३१ जुलैला संपत होता. त्याआधी ९७ टक्के मतांनी त्यांनी संपाला मंजुरी देऊन ठेवली होती. २५ जुलैला कंपनीने नवा मसुदा मान्य केला: अर्धवेळ कामगारांना सुरुवातीलाच तासाला किमान २१ डॉलर, पूर्णवेळ ड्रायव्हरांचा कमाल दर करार संपेपर्यंत सरासरी ४९ डॉलर, आणि नव्या गाड्यांत एसी. उन्हाळ्यात बंद गाडीच्या मागच्या भागात चढून पार्सलं शोधणाऱ्याला एसी म्हणजे काय असतं, हे नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

त्याच महिन्यात फेडएक्सच्या वैमानिकांनी आपल्यापुढे आलेला मसुदा मतदानात फेटाळला. त्यांचा करार २०२१ मध्येच बदलायला खुला झाला होता. त्यांची युनियन होती, मागणी होती, एकजूटही होती. पण शेवटची तारीख नव्हती, त्यामुळे कंपनीला घाई नव्हती. जगातली सगळ्यात चांगली जंपसीट त्यांनाच मिळते, तरी वाटाघाटीत तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

आणि फेडएक्स एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरांकडे तर वाटाघाट करणारी युनियनच नाही. १ जून २०२४ पासून कंपनीने एक्स्प्रेस आणि ग्राउंड एकाच छत्राखाली आणले. आधी एक्स्प्रेसचे पगारी ड्रायव्हर जी पार्सलं पोचवायचे, ती कित्येक भागांत आता कंत्राटदारांच्या गाड्यांतून जातात. म्हणून ओळखीतलं कोणी तिकडे अशा नोकरीला लागत असेल, तर आधी विचारायला सांगा: पगाराच्या चेकवर कुणाचं नाव आहे, तुमचं ठाणं येत्या वर्षात कंत्राटदाराकडे जाणार आहे का, आणि विमानाची सवलत लेखी दिली आहे की नुसती सांगितली आहे.