एकोणचाळीस मिनिटं

२०१० सालची गोष्ट. भाचीच्या लग्नाचा बायोडेटा प्रिंट करायला पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. प्रिंट मिळाली दोन रुपयांत, व्हायरस फुकट.

घरी पेनड्राइव्हमध्ये ‘बायोडेटा’ नावाचं पिवळं फोल्डर होतं. क्लिक केलं, उघडेना. मग लिफ्टचं बटण दाबतात तसं सात-आठ वेळा दाबलं. कॉम्प्युटरला धाप लागली. अडकलेले प्रोग्राम बंद करायला टास्क मॅनेजर उघडायला गेलो तर पाटी आली: तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“मी हातसुद्धा लावलेला नाही हं!” आतून आवाज आला.

इंजिनिअरिंगवाला भाचा धावून आला. “मामा, फोल्डरपुढे कधी केबी दिसतात का? ही ईएक्सई आहे, म्हणजे प्रोग्रामची फाईल, फोल्डरचं सोंग घेतलेली. खरं फोल्डर तिनं लपवलंय. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारू.” डॉक्टर ‘सलाईन लावू’ म्हणतात, त्याच सुरात.

फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं टाकणं. विंडोज एक्सपीच्या सेटअपला पंचवीस अक्षरांची की, म्हणजे परवान्याचा कोड, लागायची. तिचं स्टिकर कॅबिनेटवर, भिंतीकडच्या बाजूला. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा.

“बी की आठ?”

“आठासारखा बी.”

भाच्यानं हाताला लागेल त्या कागदावर की उतरवून घेतली. मग स्क्रीनवर आलं: ३९ मिनिटं बाकी. पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला, मिनिटं आपली ३४ वरच बसून.

विंडोज आली, पण मुकी. आवाज चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नाही, नेटचाही नाही. नेटचा ड्रायव्हर नेटवर मिळतो म्हणे! ड्रायव्हर असलेली मदरबोर्डची सीडी शोधता शोधता बाल्कनीत सापडली. कबुतरं येऊ नयेत म्हणून हिनं दोऱ्याला टांगली होती. ओल्या फडक्यानं पुसली, बनियनला घासली, आणि चालली की हो! (कबुतरांवर मात्र तिचा कधीच परिणाम झाला नव्हता.)

भाचा गेला. फोटो शाबूत आहेत ना, बघावं म्हणून मी डी ड्राइव्हवर डबलक्लिक केलं. पुन्हा धाप. पुन्हा तीच पाटी.

फोनवर भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, डी आपण पुसला नव्हता. त्यात ऑटोरनची फाईल असणार, डबलक्लिक केलं की व्हायरस पुन्हा सुरू करणारी. डबलक्लिक केलंस?”

“एकदाच.”

“असू दे, येतो. कीचा कागद काढून ठेव.”

कागद शोधला. की बायोडेट्याच्या पाठीवर लिहिली होती, आणि बायोडेटा ताईनं दुपारीच मुलाकडच्यांना नेऊन दिला होता.