काकांना कालवा दाखव

माझं बालपण यॉर्कशायरमधल्या बिंगली गावात गेलं, असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवी कुरणं आणि मेंढ्या येतात. माझ्या डोळ्यांसमोर पाहुणे येतात. १९८० च्या दशकात पुण्याहून जो कुणी लंडनला उतरे, तो "एवढं आलोच आहोत तर" म्हणत आमच्याकडे मुक्काम ठोके. पोहे झाले की बाबा पेपरात डोकं खुपसून म्हणत, "जा गं, काकांना कालवा दाखव."

दाखवण्यासारखं होतंच ते. लीड्स-लिव्हरपूल कालवा आमच्या गावात एकदम अठराएक मीटर चढतो, एकमेकांना खेटून बांधलेल्या पाच लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदांमधून. खालच्या हौदाचा पुढचा दरवाजा तोच वरच्याचा मागचा. १७७४ पासून हेच चाललंय. बोट हौदात शिरते, दरवाजा लागतो, वरचं पाणी खाली सोडतात, बोट वर येते, पुढचा दरवाजा उघडतो. असं पाच वेळा. पाऊस असतोच.

"मोटर कुठाय?" सगळ्या काकांचा पहिला प्रश्न.

"मोटर नाही. पाणी आपोआप खाली येतं."

"आणि वर कोण चढवतं?"

"कुणी नाही. डोंगरातल्या तलावांतून येतं."

यावर काका माझ्याकडे असे बघत, की जणू तलावाचं बिल मीच दडवलंय.

एक काका तर थेट कामालाच लागले. लॉकचा दरवाजा उघडायला एक जाडजूड लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून रेटायचं. पण दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत तो तसूभरही हलत नाही. काका माकडटोपीसकट रेटत राहिले. लॉककीपर पाइप ओढत शांतपणे बघत होता. पाणी सारखं झाल्यावर त्याने एका हाताने दांडा ढकलला. काका म्हणाले, "मी सैल करून ठेवला होता."

या गडबडीत काकू गायब! बोटीवरच्या म्हाताऱ्या बाईने चहा विचारला आणि काकू सरळ आत. खिडकीतून आवाज आला, "अहो, आत ओटा आहे! गॅससुद्धा!" मग काकू हौदाहौदातून वर चढत गेल्या आणि काका काठाने भिजत, "अगं, उतर, उतर" करत चालले. वर पोहोचेपर्यंत चिवड्याची पिशवी संपली होती आणि त्या बाईच्या दोन्ही सुनांची काकूंना इत्थंभूत माहिती झाली होती. भाषेचं काय केलं, देव जाणे.

"कसा वाटला कालवा?" बाबांनी पेपराआडूनच विचारलं.

"आमचा मुठा कालवा बरा," काका टोपी पिळत म्हणाले. "निदान कुणी ढकलायला तरी लावत नाही."

"पुढच्या खेपेला आम्ही त्या बोटीवरच उतरणार," काकूंनी जाहीर केलं.

बाबांनी चक्क पेपर खाली ठेवला आणि वहिनींसाठी आणखी चहा टाकायला स्वतः उठले.